सांडपाण्यातली औषधं: मासे, आरओ आणि सोसायटीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र (एसटीपी)

प्रश्न: नदीला एवढं पाणी असतं. त्यात गोळ्यांचा अंश तो कितीसा? त्याने माशांना खरंच काही होतं का?

होतं, आणि अगदी थोड्या अंशाने होतं. माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळीत 30 मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) असतं. अशी एक गोळी 6,000 लिटरच्या टँकरमध्ये विरघळवली, तर लिटरमागे 5 नॅनोग्रॅम भरतात. कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या एका प्रायोगिक तलावात 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे हे संप्रेरक साधारण याच पातळीला ठेवलं होतं. फॅटहेड मिनो या लहान माशाच्या नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि काही वर्षांत तलावातली ती जात जवळजवळ संपली. मासा चोवीस तास त्याच पाण्यात असतो, कल्ल्यांतून सतत तेच पाणी घेतो, आणि इस्ट्रोजेन ओळखणारी त्याच्या शरीरातली यंत्रणा आपल्यासारखीच असते.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असलं तरी ट्राउट माशाच्या कल्ल्यांत आणि मूत्रपिंडात बिघाड दिसतो. भारतात गिधाडं मोठ्या संख्येने मेली ती याच औषधाने, पण तिथे वाट वेगळी होती: औषध दिलेल्या जनावरांचं मांस त्यांच्या पोटात गेलं.

प्रश्न: मग हे आपल्याही पोटात जात असणार. पाणी उकळावं की आरओ घ्यावा?

आधी हिशोब करू. पिण्याच्या पाण्यात डायक्लोफेनॅक लिटरमागे 100 नॅनोग्रॅम आहे असं धरा. रोज दोन लिटर प्यायलात, तर 50 मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं औषध पोटात जायला सुमारे 685 वर्षं लागतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2012 च्या अहवालाचाही निष्कर्ष असा, की पिण्याच्या पाण्यातली पातळी औषधाच्या किमान मात्रेच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. त्यामुळे फक्त या भीतीपोटी आरओ घेऊ नका.

उकळून ही औषधं जात नाहीत. वाफ होऊन पाणी आटतं, औषध मागे राहतं. तुरटीनेही फारसा फरक पडत नाही. घरगुती यूव्ही दिव्याची मात्रा जंतू मारण्यापुरती असते. आरओचा पडदा बहुतेक औषधं अडवतो, पण ती नाहीशी होत नाहीत, टाकाऊ पाण्यातून पुन्हा गटारात जातात. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर यातलं काहीच दिसत नाही.

प्रश्न: दोष घरांचा की औषध कंपन्यांचा?

रोजच्या औषधांचा मोठा वाटा घरांतूनच येतो, कारण खाल्लेलं औषध लघवीतून बाहेर पडतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन तर जवळजवळ जसंच्या तसं. पण कारखान्यांचं सांडपाणी नीट शुद्ध झालं नाही, तर एका ठिकाणची पातळी कल्पनेपलीकडे जाते. हैदराबादजवळ पाटनचेरूला सुमारे 90 औषध उत्पादकांचं सांडपाणी घेणाऱ्या सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळलं. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. जिवाणूंमध्ये प्रतिकार वाढू नये म्हणून सुचवलेली पातळी लिटरमागे सुमारे 0.06 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हे जवळपास पाच लाख पट झालं. माणसाला खरा धोका इथे आहे: अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसले जातात. केंद्र सरकारने जानेवारी 2020 च्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा सुचवल्या होत्या, 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या आल्या नाहीत. त्या परत आणायलाच हव्यात.

प्रश्न: आमच्या सोसायटीचा 100 केएलडीचा (दिवसाला एक लाख लिटरचा) एसटीपी आहे, साधा एरेशन टँकवाला (हवा सोडायच्या टाकीचा). आउटलेटचा बीओडी (कुजणाऱ्या घाणीचं माप) 10 च्या आत येतो. औषधंही निघत असतील ना?

बीओडीवरून ते कळत नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन चांगल्या चालणाऱ्या टाकीत 90 टक्क्यांहून जास्त निघतात. डायक्लोफेनॅक अर्धवट निघतं. फिटच्या आजारावरचं कार्बामॅझेपीन जवळजवळ तसंच बाहेर पडतं; कधी तर इनलेटपेक्षा आउटलेटला जास्त भरतं, कारण शरीराने दुसऱ्या रेणूला जोडून बाहेर टाकलेलं औषध टाकीतले जिवाणू पुन्हा सुटं करतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन पाण्यातून कमी होतं खरं, पण बरंचसं गाळाला चिकटतं. तो गाळ सरळ बागेत टाकू नका.

सर्वात स्वस्त सुधारणा म्हणजे गाळाचं वय, म्हणजे जिवाणूंचा गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते, सांभाळणं. इस्ट्रोजेनसारखे रेणू मोडायला ते 10 दिवसांच्या वर हवं. टाकी 50 घनमीटर आणि एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) लिटरमागे 3,500 मिलिग्रॅम असेल, तर टाकीत 175 किलो गाळ आहे. 12 दिवसांचं वय राखायचं तर रोज साधारण 14.6 किलो काढायचा. रिटर्न स्लज (टाकीत परत फिरवला जाणारा गाळ) लिटरला 8 ग्रॅम असेल, तर तो रोज 1.8 घनमीटर होतो. होतं असं की गाळ पिळणारा फिल्टर प्रेस बंद पडतो, महिनाभर कोणी गाळ काढत नाही आणि मग एके दिवशी टँकर बोलावून अर्धी टाकी उपसली जाते. हळू वाढणारे नायट्रीकरणाचे (अमोनियाचं नायट्रेट करणारे) जिवाणू त्यातच जातात. रात्री वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवला, तरी तेच मरगळतात. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा.

आता एसीएफ, म्हणजे सक्रिय कोळशाचा फिल्टर. ताशी 10 घनमीटर पाणी आणि भांड्यात 500 लिटर कोळसा असेल, तर पाणी कोळशाजवळ जेमतेम 3 मिनिटं थांबतं. औषधं धरायला 15 ते 30 मिनिटं लागतात. वर्षानुवर्षं न बदललेला कोळसा भरून गेलेला असतो, धरलेलं थोडं परतही सोडतो. हायपोचा (क्लोरीनच्या द्रावणाचा) डोस एसीएफच्या आधी देत असाल तर तो नंतर द्या; क्लोरीन कोळशावरच खर्ची पडतं.

औषधं मोडायला ओझोन बसवायचा विचार असेल, तर विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनच्या प्रत्येक ग्रॅमला 0.6 ते 0.8 ग्रॅम ओझोन धरा. कार्बन लिटरमागे 10 मिलिग्रॅम असेल तर 0.7 च्या दराने तुमच्या 100 केएलडीला दिवसाला 700 ग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे 29 ग्रॅम क्षमतेचं यंत्र लागेल. पण आधी नायट्राइट (अमोनिया आणि नायट्रेटच्या मधला टप्पा) तपासा. नायट्राइटच्या रूपातला 1 मिलिग्रॅम नायट्रोजन जवळपास 3.4 मिलिग्रॅम ओझोन खातो. नायट्रीकरण अर्धवट असलं, तर सगळा ओझोन तिथेच संपतो आणि यंत्र विकणाऱ्यावर खापर फुटतं. ओझोननंतर वाळूचा फिल्टर हवाच, कारण मोडलेले तुकडे तिथले जिवाणू खातात. किनारपट्टीच्या भागात, जिथे पाण्यात ब्रोमाइड असतं, तिथे ब्रोमेट तयार होतं. ते घातक आहे, म्हणून आधी ब्रोमाइडची चाचणी करून घ्या.

प्रश्न: मुदत संपलेल्या गोळ्या फ्लश कराव्यात का?

नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत त्या घरगुती घातक कचऱ्यात मोडत होत्या; त्यांच्या जागी आलेल्या 2026 च्या नियमांत त्या विशेष काळजीच्या कचऱ्यात (स्पेशल केअर वेस्ट) येतात. वेगळ्या पाकिटात बंद करून, वर लिहून त्याच कचऱ्यात द्या. सिरप सिंकमध्ये ओतू नका, बाटली बंद करून द्या. अपवाद आहे तो फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल अशा 17 औषधांचा. कोणाच्या हाती चुकून लागली तर जीव जाऊ शकतो, म्हणून केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या 2025 च्या मार्गदर्शनानुसार ती फ्लश करायची आहेत.

प्रश्न: दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या जेलचं काय?

डायक्लोफेनॅक जेलमधलं फार तर 6-7 टक्के औषध त्वचेतून आत जातं, उरलेलं अंघोळीच्या पाण्यात. लावून झाल्यावर हात लगेच धुऊ नका; आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका, मग धुवा. जेल रात्री झोपताना लावा, अंघोळीच्या तोंडावर नको.