वेल्डिंगचा गाडा घरीच बनवावा का?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून: "वय 34, आयटीआय झालेलं. स्टँडवर 2,000 रुपये भाड्याच्या गाळ्यात वेल्डिंगचं दुकान आहे. वडील लोहारकाम करायचे, मीही वखराच्या पासा (लोखंडी पाती) आणि विळे करतो. घरी चार एकर कोरडवाहू. उन्हाळ्यात दिवसाचे 1,200 सुटतात, भादव्यात 300 सुटले तरी खूप. मोटारसायकलमागे ओढायचा गाडा बनवून त्यावर जनरेटर आणि वेल्डिंग मशीन बसवायचं, लोकांच्या वावरात जाऊन, एका फेरीचे 800 घेऊन काम करायचं असं मनात आहे. नागपूरला तयार गाडा 1,90,000 ला सांगितला. घरी बनवला तर 75 मिलिमीटर चॅनलचं चेसिस, एक्सल, चाकं 31,000, पाच केव्हीएचा जनरेटर 58,000, नवीन 200 अँपिअरचं मशीन 12,000, किरकोळ 4,000, म्हणजे 1,05,000 मध्ये होते. सोबत घरामागे 60,000 मध्ये टिनाचं शेड टाकतो, गाळ्याचं भाडं वाचते. मे महिन्यात 25 दिवस लावून गाडा उरकतो, शेड पुढे पाहू. बायकोच्या नावावर 80,000 ची एफडी आहे, पीक कर्जाचे 90,000 आत्ताच हाती आले. एक फायनान्सवाला 12 टक्क्यांनी लाखभर द्यायला तयार आहे. सांगा, कसं करू?"

भाऊ, हिशोब तुम्ही मन लावून मांडला आहे. किरकोळचे 4,000 सुद्धा विसरला नाहीत. त्यात फक्त तुमची मजुरी नाही. 25 दिवस फुकट धरले, आणि तेही मे महिन्यातले. मे म्हणजे पेरणी यंत्र, वखर, डवरे, ट्रॉलीचे फाळके, सगळं एकदम दुरुस्तीला येण्याचे दिवस. पावसाआधी छपराचे पाइप आणि टिना बदलायची घाई वेगळीच. त्या दिवसांत गाळ्याचं शटर पाडून तुम्ही स्वतःचा गाडा जोडत बसलात, तर 1,200 च्या हिशोबाने 30,000 गेले. तयार गाड्याच्या तुलनेत वाचणारे 85,000 तिथेच 55,000 वर येतात. शिवाय परत पाठवलेलं गिऱ्हाईक शेजारच्या गावच्या वेल्डरकडे गेलं की पुढच्या वर्षी तिकडेच जातं. हेच काम पोळा झाल्यावर, भादव्यात केलं तर मजुरी 7,500 च बुडते. म्हणून घरी बनवायचं असेल ते रिकाम्या महिन्यात बनवा.

पण गाडा बनवावा का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. अडचण रस्त्याची आहे. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच धरलं जातं, म्हणजे त्याला नोंदणी लागते. घरी जोडलेल्या चेसिसला मंजूर नमुन्याचा कागदच नसतो, त्यामुळे ती मिळण्याची आशा धरू नका. मोटारसायकललाच काही कायमचं जोडलं, तर कलम 52 खाली तो नोंदणीत नसलेला बदल ठरतो आणि कलम 182-अ प्रमाणे प्रत्येक बदलाला 5,000 दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कोण पाहते? खरं आहे, तालुक्याच्या रस्त्यावर असे कितीतरी जुगाड धावतात. मला धास्ती दंडाची नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. अंधारात मागे दिवा नसलेल्या गाड्यावर कोणी आदळलं, तर अपघात न्यायाधिकरण जी भरपाई सांगेल ती विमा कंपनी देणार नाही, तुम्हाला द्यावी लागेल. तुमच्याकडे विकण्यासारखं काय आहे? ते चार एकर.

मग माझा सल्ला असा की ज्याला नंबर प्लेट लागते ते बनवू नका. त्यावर चढवायचं आणि उतरवायचं, ते सगळं बनवा. जनरेटर, मशीन, रॉडचा डबा, केबलची गुंडाळी यांसाठी खाली दोन आडवे पाय असलेली चौकट करा. चार माणसांनी उचलून छोट्या हत्तीत (लहान मालवाहू टेम्पोत) किंवा कास्तकाराच्याच ट्रॉलीत ठेवता येईल अशी. ती गाडीला जोडलेली नसते, तो फक्त माल असतो. ज्याचं मळणी यंत्र वावरात मोडून पडलं आहे, तो ट्रॅक्टर घेऊन तुम्हाला न्यायला येतोच. स्वतःची तीनचाकी मालगाडी घ्यायचा विचार दोन वर्षांनी करा, तोही काम दिसलं तर.

चौकट बनवताना एक सांगतो, कारण हाताला कसब असलेली माणसं हमखास गरजेपेक्षा जड करतात. तुमच्या चेसिसमध्ये 75 मिलिमीटरचा चॅनल आहे. तो मीटरला साधारण 7 किलो भरतो. 40×40×5 चा अँगल मीटरला 3 किलो. चौकटीला 18 मीटर लागले तर एकीकडे 126 किलो, दुसरीकडे 54. किलोला 65 रुपये धरले तरी साडेचार हजारांवर फरक पडतो, आणि ते 72 जादा किलो दर वेळी चार माणसांच्या कमरेवर येणार ते वेगळं. जनरेटरच्या खाली अँगल दुहेरी करा, बाकी ठिकाणी नको. रॉडच्या डब्याला मात्र रबर लावून घट्ट झाकण करा. श्रावणात ओल धरलेला रॉड वितळतो कमी आणि फटफटतो जास्त. पेट्रोलचा कॅन चौकटीवर ठेवायचा नाही. तो ठिणगीपासून लांब, वेगळा न्यायचा.

आता जनरेटर. पैसा सगळ्यात जास्त इथे जाणार आहे आणि निवड इथेच चुकते आहे. 200 अँपिअरचं मशीन पूर्ण ताकदीने चाललं तर 6 ते 7 केव्हीए ओढतं. पाच केव्हीएवर बारा नंबरचा रॉड चालेल, खिडकीची जाळी किंवा पाइपचं शेड होईल. पण वावरातलं काम म्हणजे ट्रॉलीचा हुक, नांगराचा दांडा, मळणी यंत्राची चौकट. तिथे दहा नंबर लागतो, कधी आठ; नंबर जितका कमी तितका रॉड जाड. त्यावर पाच केव्हीए घुसमटेल, वेल्डिंगची शिवण वर बसेल आणि आत जाणार नाही. आठ दिवसांत तुटली की नाव तुमचं खराब. घ्यायचा तर साडेसात केव्हीए, आणि तो 58,000 मध्ये येणार नाही.

पण इतक्यात घेऊच नका. आधी फेरीचा हिशोब पाहा. तुम्ही एका फेरीचे 800 घ्यायचे ठरवले आहेत. दीड तास जनरेटर चालला तर अंदाजे तीन लिटर पेट्रोल, म्हणजे 310. रॉड आणि ग्राइंडरची चकती 120. जाण्यायेण्याचे 50. हातात उरले 320. जाणं, मांडणं, काम, परत येणं यात अर्धा दिवस जातो. मे महिन्यात अर्ध्या दिवसाला गाळ्यात 600 सुटतात, म्हणजे वावरात जाऊन तुम्ही 280 गमावले. भादव्यात अर्धा दिवस 150 चा, म्हणून 170 उरतात. पण भादव्यात वावरात बोलावणार कोण? बोलावणं येतं ते दसरा-दिवाळीच्या सुमारास, सोयाबीनची सोंगणी आणि मळणी जोरात असताना, आणि पेरणीच्या तोंडावर. म्हणजे नेमकं गाळाही चालतो तेव्हा.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, जनरेटरच लागणार नाही अशी कामं: गावातलं गेट, गोठ्याचं छप्पर, जिन्याचं रेलिंग. लाइन घरातली किंवा वाड्यातली, तुम्ही मोटारसायकलवर आठ-दहा किलोचं इन्व्हर्टर मशीन, ग्राइंडर आणि चांगल्या जाडीची तांब्याची केबल घेऊन गेलात की झालं. तिथे 800 मधले 630 उरतात. मे महिन्यात गाळ्याइतकेच पडतात, भादव्यात 480 जास्त. मशीन, केबल, सामानाची पेटी मिळून 20,000 धरा. माझ्या मते यंदाची खरेदी एवढीच.

दुसरी वाट, वावरातल्या कामाला वावराचा भाव. मळणी यंत्र उभं राहिलं की मालकाचा दिवस जातो, मजूर बसून राहतात, आभाळ आलं असेल तर सोयाबीनही जातं. तो माणूस 1,500 देतो, घासाघीस करून देतो, पण देतो. 1,500 मधून 480 खर्च गेला, उरले 1,020. ऑक्टोबरात गाळ्याचा अर्धा दिवस 400 चा धरला तर खरी कमाई 620. एक लाख कर्ज काढून मोठा जनरेटर घेतला आणि महिन्याला 5,780 हप्ता आला, तर वर्षाचे 69,360. फक्त जनरेटरच्या कमाईतून फेडायचे तर वर्षाला 112 फेऱ्या. हंगाम मिळून चार महिन्यांचा. त्या चार महिन्यांत जवळपास रोज एक फेरी. मिळतील? मिळतीलही, तुमच्या आसपास किती मळणी यंत्रं आणि ट्रॅक्टर आहेत ते मला इथून दिसत नाही. पण लाख रुपये लावण्याआधी तुम्हाला ते दिसलं पाहिजे.

शेडचं थोडक्यात उरकतो. वर्षाला 24,000 भाडं वाचवायला 60,000 घालायचे, म्हणजे अडीच वर्षांनी पैसे वसूल. कागदावर बरं दिसतं. पण गिऱ्हाईक स्टँडवर उतरतं, गावात आत येत नाही. दुसरं, घरगुती मीटरवर धंद्याचं वेल्डिंग चालवलं तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने, बारा महिन्यांपर्यंत मागचं बिल लागू शकतं. एका फटक्यात दीड-दोन वर्षांचं भाडं गेलं. यंदा शेड नाही.

पैसा कुठून आणायचा, त्याचंही सांगतो. पीक कर्जाला हात लावू नका. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं की पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडतं. इतका स्वस्त पैसा तुम्हाला दुसरा मिळणार नाही, आणि ही सवलत मुदतीवरच टिकून आहे. 90,000 लोखंडात अडकले आणि कापसाच्या उलंगवाडीला, म्हणजे वेचणी संपताना, हाती रोकड नसली, तर खातं थकीत होतं, सवलत जाते, पुढच्या खरिपाला बँक दारात उभं करत नाही. कर्जमाफी होईल या भरवशावर तर काहीच आखू नका.

फायनान्सवाल्याचे 12 टक्के म्हणजे सरळ व्याज, पूर्ण लाखावर, शेवटच्या हप्त्यापर्यंत. दोन वर्षांत 1,24,000 भरायचे. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे धरलं तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर पडतो. त्याला नमस्कार करा.

एफडी मोडू नका, ती वहिनींची आहे आणि घरात दुसरी गंगाजळी दिसत नाही. 20,000 साठी त्यावरच बँकेतून कर्ज घ्या. एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जादा पडतात, आणि मे-जूनच्या कमाईतून ते फिटतं. वहिनींना विचारून, सहीही त्यांचीच लागेल.

मोठ्या जनरेटरची वेळ आलीच तर पारंपरिक कारागिरांसाठीची केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना तुमच्यासाठी आहे. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2024 मध्ये आपल्या वर्ध्यातच झाला. त्यातल्या 18 व्यवसायांत वेल्डर हे नाव नाही, लोहार आहे. तुम्ही पासा-विळे करताच, तेव्हा अर्ज लोहार म्हणून करा आणि भट्टी चालू ठेवा, कारण पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. अवजारांसाठी 15,000 मिळतात, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, 5 टक्क्यांनी, 18 महिन्यांत फेडायचं. वर धरलेला 5,780 चा हप्ता तोच. क्रम मात्र सांभाळा. छोट्या धंद्यांसाठीच्या मुद्रा योजनेचं कर्ज चालू असताना विश्वकर्मा मिळत नाही, म्हणून कोणी "आधी मुद्राचे 50,000 काढून टाक" म्हटलं तर थांबा. नवी नोंदणी घेत आहेत का, हे सीएससी केंद्रात (सरकारी योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून मिळतात तिथे) आत्ताच विचारून ठेवा.

आणि बँकेत गेलाच आहात तर वर्षाला 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 चा जीवन विमा, दोन्हीचे फॉर्म भरून या. दोन्ही दोन-दोन लाखांचे आहेत. दिवसभर ठिणग्या आणि करंटमध्ये हात घालणाऱ्या माणसाने हे पत्र लिहिण्याआधीच भरायला हवे होते.

मे-जूनमध्ये गाळा सोडू नका. भादव्यात चौकट, पेटी आणि गाळ्यासाठी एक दणकट टेबल बनवा. ऑक्टोबरात साडेसात केव्हीएचा जनरेटर महिनाभर भाड्याने घ्या. मंडप-डेकोरेशनवाल्याकडे तो असतो आणि लग्नं नसताना पडूनच असतो. वहीत रोज लिहा: बोलावणं कोणाचं, किती लांब, किती वेळ, काय घेतलं, आणि गाळ्यावरून कोण परत गेलं. ती वही घेऊन दिवाळीनंतर मला पुन्हा लिहा, तेव्हा जनरेटर घ्यायचा की नाही ते आकड्यांवर ठरवू. भाड्याचं मात्र गणपतीतच बोलून ठेवा. तुळशीचं लग्न लागलं की मंडपवाला जनरेटर तुम्हाला देणार नाही.