लिलावातला बंद कारखाना, साठ पिंपं आणि ‘एकच नमुना काढू’ म्हणणारा सल्लागार

बँकेच्या लिलावात बंद केमिकल युनिट घेतलं, ताबा मिळाल्यावर शेडमध्ये साठेक पिंपं आणि ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या) टाकीत वाळलेला गाळ निघाला, आणि आता सल्लागार म्हणतोय की सगळ्याचा मिळून एकच नमुना काढू, खर्च वाचेल. तुमचं हे वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही भावांनीही कोकणातल्या एका एमआयडीसीत असाच प्लॉट घेतला होता, डाय इंटरमिजिएटवाल्याचा (रंगांसाठी लागणारी मधली रसायनं बनवणाऱ्याचा). ‘जसे आहे, जिथे आहे’ या ओळीचा अर्थ ताबा घेतल्यावरच कळतो.

गमबूट, मास्क, वाऱ्याची दिशा बघून आत शिरणं वगैरे तुम्ही करताच असाल, ते सोडून देतो. मी वकील नाही, केमिस्टही नाही. ऑथरायझेशनचा (घातक कचरा ठेवायच्या-हलवायच्या परवानगीचा) अर्ज जाणकाराकडूनच करून घ्या.

पण एकत्रित नमुना? अजिबात नाही.

आमच्याकडे एका कार्यालयाचे लोक नमुने घ्यायला आले. कुठल्या ते लिहीत नाही, कळणाऱ्यांना कळेल. साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. जो मुलगा आत आला त्याच्याकडे एक बादली, कडा मोडलेला प्लॅस्टिकचा मग आणि बिसलेरीची रिकामी बाटली. प्रत्येक पिंपातलं थोडं थोडं बादलीत ओतत गेला. मध्येच बादली फसफसली, पांढरी वाफ उठली, पोरगं दोन पावलं मागे सरलं. मग फेस बसल्यावर म्हणतो, ‘झालं शांत.’ काठीने ढवळून बाटली भरली. लेबल नाही, सील नाही, बाटलीवरच जेल पेनने प्लॉट नंबर. बाटली ओली, गाडीत ठेवेपर्यंत त्यातले दोन आकडे पुसले. पंचनाम्याची प्रत मागितली तर ‘ऑफिसातून घ्या’.

रिपोर्ट आला: सामू (पीएच) सातच्या आसपास, घातक नाही.

अहो, एका पिंपात अ‍ॅसिड, शेजारच्यात कॉस्टिक, म्हणजे अ‍ॅसिड मारणारा अल्कली. बादलीत एकत्र केल्यावर सात येणार नाही तर काय! घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सामू २ किंवा त्याखाली, नाहीतर १२.५ किंवा त्यावर असला की माल घातक. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेते ते) ६० अंशांपेक्षा कमी असला तरी घातक. सुटं तपासलं असतं तर आमची कितीतरी पिंपं त्यात बसली असती.

खरा जाच पुढे. विल्हेवाट केंद्राने (तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी, कुठलंही घ्या) आधी स्वतःचे नमुने मागवले. त्यांनी पिंपागणिक तपासणी केली आणि स्पष्ट सांगितलं: हे घातक आहे, ऑथरायझेशन आणा, मॅनिफेस्टशिवाय (कचऱ्यासोबत जाणाऱ्या नोंदीच्या कागदाशिवाय) गाडी गेटच्या आत येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. कार्यालय म्हणालं, आमच्या रिपोर्टप्रमाणे माल घातक नाही, मग ऑथरायझेशन कशाला हवं? फेरतपासणीचा अर्ज करा. अर्ज केला. आवक क्रमांक मिळाला, तो घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. तोवर पाऊस सुरू झाला, खालच्या रांगेतली गंजलेली पिंपं फुटली आणि शेडमागचं गटार पिवळं झालं.

मग नोटीस आली. त्याच कार्यालयाची, आमच्याच नावाने. त्यात ‘घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवला’ हाही मुद्दा होता. म्हणजे उचलायला घातक नाही, दंडाला मात्र घातक! जुना मालक कुठे आहे हे कुणीच विचारलं नाही, आणि नियम बघितला तर ज्याच्या ताब्यात कचरा आहे तोही ‘ऑक्युपायर’च, म्हणजे जबाबदार. त्यामुळे ‘हे आमचं नाही’ या भरवशावर तुम्हीही राहू नका. प्लॉटच्या किमतीनंतर सगळ्यात जास्त पैसा आमचा या एका बाटलीपायी गेला, असं मी आजही म्हणतो. असो.

तुम्ही काय करावं, तर आधी एकही बूच उघडू नका. पिंपांवर रंगाने नंबर टाका, चारही बाजूंनी फोटो काढा. फुगलेलं पिंप, बुचाभोवती स्फटिक धरलेलं पिंप (जुन्या ईथर, टीएचएफ अशा सॉल्व्हंटमध्ये पेरॉक्साइड हे स्फोटक तयार होतं, बूच नुसतं फिरवण्यानेही स्फोट होऊ शकतो), वाळून घट्ट झालेला नायट्रो माल (तोही स्फोटक), यांना हातच लावायचा नाही. ते काम त्यातल्या माणसांचं. बाकीच्यांना ठिणगी न उडणारा पितळी पाना. पातळ मालासाठी लांब काचेची नळी तळापर्यंत सोडायची, वर अंगठा दाबून काढायची. आमच्या एका पिंपातून नळी वर आली तर वर पिवळं सॉल्व्हंट, मध्ये स्वच्छ पाणी, खाली काळा गाळ. मगाने वरचं काढणाऱ्याला यातलं काय दिसणार?

ऑरगॅनिकसाठी गडद काचेची बाटली, धातूंसाठी एचडीपीई प्लॅस्टिकची, आणि हायड्रोफ्लोरिकचा संशय असेल तर काच नकोच. उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटची कुपी काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहता कामा नये. सगळं बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी लॅबला. पैसे वाचवायचेच तर लॅबला आधी प्रत्येक पिंपाची साधी चाचणी करू द्या (सामू, पाण्यात विरघळतं का, पेट घेतं का) आणि एकसारख्या पिंपांचे गट पाडून घ्या. मोठ्या चाचण्या मग गटावार.

कार्यालयाचे लोक येतील तेव्हा त्याच पिंपातून, त्याच वेळी तुमचा समांतर नमुना घ्या आणि पंचनाम्यात तसं लिहून घ्या. १९७४ च्या पाणी कायद्यात नमुन्याचे दोन भाग मागता येतात. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या कलम ११ मध्ये तुमच्यासमोर सील आणि दोघांच्या सह्या आहेत, पण दुसऱ्या भागाचा उल्लेख नाही. म्हणून तोंडी विनंतीवर राहू नका, आधी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. लेबलला परमनंट मार्कर, तोही तुमचाच.

ईटीपीच्या टाकीत कुणालाही उतरवू नका, गाळ कितीही वाळलेला दिसो. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की वासच येईनासा होतो. एक पडला की वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

जमिनीचे नमुने घ्याल तेव्हा लोडिंगच्या जागेखालचे घ्याच, शिवाय एखादा स्वच्छ कोपऱ्यातलाही, तुलनेला. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियम आलेत, त्यात प्राथमिक तपासणीला ९० दिवस दिलेत. कागदावर छान आहे. भोपाळचा कारखाना १९८४ ला बंद पडला आणि तिथला ३३७ टन कचरा पिथमपूरला निघाला जानेवारी २०२५ मध्ये, त्यामुळे मी काही हुरळून जात नाही.

जुना ऑपरेटर किंवा वॉचमन गावात सापडतो का बघा. कुठल्या रिअ‍ॅक्टरमधलं काय कुठे ठेवायचे हे आमच्याकडच्या काकांनी चहाच्या कपावर सांगितलं, लॅबचा अर्धा खर्च तिथेच वाचला. आणि भंगारवाला ‘रिकामी पिंपं देता का’ विचारत येईल, त्याला गेटच्या आत घेऊ नका. सॉल्व्हंटच्या रिकाम्या पिंपाला गॅस कटर लावला तर स्फोट होतो, आणि प्लॉट तुमचा.

गट पाडून झाले की यादी इथे टाका, प्लॉट नंबर खोडून. कुठल्या चाचण्या गाळता येतील ते बघतो. टीसीएलपी (कचऱ्यातून विषारी घटक किती झिरपतात ती चाचणी: अठरा तास, वीसपट द्रावणात) सगळ्यांना लागत नाही, लॅब मात्र ती सगळ्यांना लावूनच कोटेशन पाठवेल.