पाळीव सोबती : लेपर्ड गेकोची पेटी आणि खानदेशचा उन्हाळा

प्रश्न : माझ्या मुलाने पुण्याहून एक लेपर्ड गेको (पाळायची ठिपकेदार पाल) आणला आहे. तो साधारण आठ महिन्यांचा आहे, असे विक्रेत्याने सांगितले. सोबत दोन फुटांची काचेची पेटी, तळाला घालायची लालसर वाळू आणि गरम करणारा लाल दिवा दिला. दिवा दिवसरात्र चालू ठेवा, कारण हा वाळवंटातला प्राणी आहे, अशी सूचनाही केली. आम्ही भुसावळला राहतो. पेटी वरच्या मजल्यावरच्या खोलीत आहे आणि मार्च संपतानाच त्या खोलीत दुपारी ३८ अंश तापमान असते. गेको दिवसभर पाण्याच्या भांड्याला चिकटून पडून असतो व खातही कमी. दिवा ठेवावा की काढावा? पेटी नेमकी कशी असावी? आणखी एक, माझ्या सासूबाईंना पालीचे विष बाधेल अशी भीती वाटते, त्यांना काय सांगावे?
— एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, दिवा आजच काढा आणि पेटी आज संध्याकाळीच खालच्या मजल्यावर आणा. बाकीचे सर्व सावकाश करता येईल, पण ही दोन कामे थांबवण्यासारखी नाहीत. जो प्राणी ऊब मिळावी म्हणून दगडाला पोट लावून बसतो, तोच पाण्याच्या भांड्याला चिकटून पडला असेल, तर तो गारव्याची जागा शोधत आहे आणि पेटीत त्याला ती एवढीच सापडली आहे. तो तोंड उघडे ठेवून बसलेला किंवा काचेवर सतत पंजे मारताना दिसला, तर ती धोक्याची खूण समजावी. अशा वेळी त्याला गार खोलीत न्यावे, कोमट पाण्याच्या उथळ थरात काही मिनिटे ठेवावे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावे; बर्फ किंवा फ्रीजचे पाणी वापरू नये.

विक्रेत्याचा सल्ला थंड देशांतल्या पुस्तकांवरून आलेला असतो. तिथे खोलीचे तापमान १८–२० अंश असते, म्हणून त्या पुस्तकांची निम्मी पाने ऊब कशी द्यावी यावरच खर्च होतात. आपल्याकडे वर्षातले चार महिने प्रश्न नेमका उलटा असतो. लेपर्ड गेको अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या मुलखातला आहे हे खरे. पण तो उन्हात वावरत नाही. दिवसा तो दगडांच्या फटीत आणि बिळात राहतो व संधिप्रकाशात बाहेर पडतो. कोरड्या मुलखातला प्राणी म्हणजे उष्णता सोसणारा प्राणी, ही समजूत त्याच्या जिवावर बेतते.

त्याला मुळात निवड करण्याची सोय हवी असते. पेटीच्या एका टोकाला जमिनीचे तापमान ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २४ ते २७ अंश, आणि मधे आडोसा, म्हणजे तो आपल्या शरीराच्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे जाऊ शकेल. पोटाला ऊब मिळाल्याशिवाय त्याचे अन्न पचत नाही आणि गारवा मिळाल्याशिवाय त्याला विश्रांती मिळत नाही. दोन फुटांच्या पेटीत हा फरक टिकवणे कठीण जाते, कारण एक टोक तापले की दुसरेही तापते. म्हणून पूर्ण वाढलेल्या एका गेकोसाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटी करून घ्यावी. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण घरातल्या पालीसारखे चिकटणारे पंजे याला नसतात. हा जमिनीवर चालणारा प्राणी आहे. झाकण बारीक जाळीचे आणि घट्ट बसणारे असावे. घरातल्या पाली आत शिरल्या तर त्यांच्याबरोबर परजीवीही येतात. एका पेटीत एकच गेको ठेवावा. दोन नर एकमेकांना जखमी करतात, आणि नरमादी एकत्र ठेवली तर मादीला अंड्यांचा ताण सोसावा लागतो.

पेटीची जागा ऋतूप्रमाणे बदलावी, हा माझा आग्रह आहे. उन्हाळ्यात ती खालच्या मजल्यावर, घराच्या मधल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर आणि शक्य तितकी जमिनीलगत ठेवावी, कारण स्लॅबखालची हवा दुपारनंतर भट्टीसारखी तापते आणि फरशीलगतची हवा त्या मानाने गार राहते. ज्यांच्याकडे अजून धाब्याचे घर आहे, त्यांनी त्याच घरातली खोली निवडावी. मातीच्या जाड छपराइतका सोपा उपाय दुसरा नाही. काचेच्या पेटीवर थेट ऊन कधीही पडू देऊ नये, हिवाळ्यातसुद्धा. काही मिनिटांत आतले तापमान जीवघेणे होते. खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत पेटीवर धरू नये आणि खिडकी उघडी ठेवावी. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलरची ओल फारशी बाधत नाही, मात्र पावसाळ्यात तोच कूलर पेटीत बुरशी आणतो. पारा ४५ च्या घरात जातो त्या दिवसांत गोठवलेल्या पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून पेटीच्या गार टोकाला, बाहेरून काचेला टेकवून ठेवावी आणि दुपारी एकदा बदलावी. खोली ३२ अंशांच्या वर असेल तोवर गरम करणारे साधन बंदच असावे. गार टोकाचे तापमान दिवसभर ३५ च्या वर राहात असेल, तर मात्र या युक्त्या पुरेशा नाहीत. त्या आठवड्यांपुरती एसी असलेली खोली किंवा गार घर असलेले नातेवाईक शोधावेत.

डिसेंबर-जानेवारीत चित्र पालटते. जळगाव-धुळ्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा ऊब द्यावीच लागते. त्यासाठी दिव्यापेक्षा पेटीच्या तळाखाली, एका टोकाला, सुमारे एक तृतीयांश भागात बसेल असा हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) घ्यावा आणि तो थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही वापरू नये. थर्मोस्टॅट नसलेला मॅट पोटाची कातडी भाजतो. विजेवर तापणारे ‘गरम दगड’ही त्याच कारणाने आणू नयेत. थर्मोस्टॅटचा संवेदक गेको जिथे बसतो त्या जमिनीवरच चिकटवावा, आणि दोन्ही टोकांना एकेक डिजिटल तापमापक ठेवावा. काचेला हात लावून केलेला अंदाज फसवा असतो. रात्री तापमान २० अंशांपर्यंत उतरले तरी चालते, आणि रात्री लाल किंवा निळा, कोणताच दिवा नको. वीज बरेच तास गेली तर पेटीवर जाड गोधडी टाकावी, हवेसाठी एक बाजू मोकळी ठेवावी, आणि ऊब परत येईपर्यंत खायला देऊ नये. थंडीत न पचलेला किडा पोटात सडतो.

आता तळ. ती लालसर वाळू काढून टाका. कोवळ्या वयाचा गेको किड्यावर झडप घालताना वाळूही गिळतो आणि त्यामुळे आतडे तुंबते. सध्या कागदी टॉवेल अंथरा, पुढे शहाबादी फरशीचे तुकडे तळाला बसवा. शहाबादी ऊब धरून ठेवते, पुसायला सोपी जाते आणि नखेही झिजतात. आपल्या शेतातली काळी माती मात्र वापरू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तिची धूळ नाकातोंडात जाते. शिवाय कपाशीच्या किंवा केळीच्या शेतातल्या मातीत फवारणीचे अंश असतात.

आडोसे तीन हवेत : एक उबदार टोकाला, एक गार टोकाला आणि एक ओलसर. पहिल्या दोन्हींसाठी जुने कवेलू उत्तम. फक्त ते थेट तळावर पक्के बसवावे, नाहीतर खाली उकरणाऱ्या प्राण्यावर ते कोसळते. ओलसर आडोशासाठी झाकणाच्या डब्याला कडेला गुळगुळीत भोक पाडून आत ओला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा डबा सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण गेको ठरावीक काळाने कात टाकतो आणि हवा फार कोरडी असली की बोटांच्या टोकांवर कात अडकून रक्तपुरवठा तुटतो. पुढे ती बोटेच गळून पडतात. कोकोपीट मे महिन्यात रोज तपासावा. कात अडकलेली दिसली तर ओढून काढू नये. कोमट पाण्याने ओलावून ओल्या कापसाने हलकेच सोडवावी. पेटीचा उरलेला भाग कोरडाच असावा.

खाद्यासाठी शेतातले नाकतोडे पकडून घालू नका, कारण त्यांच्या अंगावर कोणते औषध आहे हे कळत नाही. रातकिडे किंवा मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) विकत घ्यावेत अथवा घरी पैदास करावी, त्यांना आधी गाजर, पाला खाऊ घालावा, आणि गेकोला देताना त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावावी. ती नसेल तर हाडे मऊ पडून पाय वाकतात. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, दुधाच्या कपाटाला पूर्वी ठेवत तसे. त्या खोलीत मच्छर अगरबत्ती, धूप किंवा झुरळाचा फवारा वापरू नये.

सासूबाईंना सांगा, की लेपर्ड गेकोला विष नाही. जगातल्या कोणत्याच गेकोला ते नसते. पाल अन्नात पडली की विषबाधा होते ही समजूत तिच्या विष्ठेतल्या जंतूंमुळे रुजली असावी, आणि ते जंतू मात्र खरे आहेत. म्हणून गेकोला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि त्याचे पाण्याचे भांडे स्वयंपाकघराच्या ओट्यावर घासू नये. त्यांना एकदा संध्याकाळी पेटीसमोर बसवा. घरातल्या पालीला पापण्या नसतात, याला असतात. तो डोळे मिटून झोपतो हे पाहिल्यावर पुष्कळांची भीती ओसरलेली मी पाहिली आहे. चांगली निगा राखली तर तो १५ ते २० वर्षे जगतो, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर त्याचे कोण पाहणार, हेही घरात आत्ताच बोलून ठेवावे.

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर दगडाखाली पिवळसर, चट्ट्यांची, जाड शेपटीची मोठी पाल सापडली. मी ती मारू दिली नाही म्हणून मजुरांनी वाद घातला. मी ती बादलीत ठेवली आहे. पेटी करून पाळता येईल का?
— एक शेतकरी, शहादा तालुका

उत्तर : भाऊ, ती वाचवलीत याचे मनापासून कौतुक वाटते. पण तिला पेटीत ठेवू नका. ती बाजारातल्या लेपर्ड गेकोची रानातली नातलग आहे. सातपुड्याच्या परिसरातली यातली एक जात, युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस, तर २०१४ मध्येच शास्त्राला स्वतंत्र जात म्हणून ओळखू आली. रानातून आलेला प्राणी पेटीत बहुधा खाणे सोडतो, आणि वन्य प्राणी पकडून घरी ठेवणाऱ्याची १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी गाठ पडू शकते. आज दिवस मावळल्यावर ती ज्या दगडाखाली सापडली त्याच दगडाजवळ बादली आडवी करा. शेपटी धरू नका, ती तुटते. मजुरांना सांगा, की तिला विष नाही आणि ती रात्रभर बांधावरचे किडे व विंचू खाते. बांधावरचे ते दगड तेवढे हलवू नका.