डिकिन्सोनिया प्राणी होता की दगडफुलासारखं काहीतरी? शास्त्रज्ञांचं मत सारखं का बदलतं?

डिकिन्सोनिया म्हणजे सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, जीवाश्मांतूनच माहीत असलेला जीव. तो प्राणीच होता. मत बदलत राहिलं, कारण सत्तर वर्षं सगळ्यांच्या हाती फक्त खडकातला ठसा होता. हाड नाही, कवच नाही, तोंडाचा पत्ता नाही.

पसरट लंबगोल अंग, मधोमध रेघ आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या. काही नमुने नखाएवढे, काही मीटरभराहून मोठे. नीट न्याहाळलं तर बऱ्याच नमुन्यांत डावी-उजवी पट्टी समोरासमोर येत नाही, अर्ध्या पट्टीने सरकलेली दिसते. गांडुळाची वलयं अशी नसतात, आणि खरी अडचण तिथेच होती.

भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांनी १९४७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडिआकारा टेकड्यांमधल्या या जीवाला नाव दिलं, तेव्हा तो जेलीफिशच्या जवळचा वाटला. पुढे काहींनी त्याला वलयी कृमींत, म्हणजे गांडुळाच्या गटात घातलं. जीवाश्मतज्ज्ञ झायलाखर यांना तो गोधडीसारखा शिवलेला, आजच्या कुठल्याच गटात न बसणारा जीव वाटला. भूशास्त्रज्ञ रेटॅलॅक यांनी १९९४ मध्ये लायकेन म्हटलं, म्हणजे आपलं दगडफूल ज्या गटातलं तो, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला.

मग २०१८ मध्ये इल्या बोब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी आकाराचा वाद बाजूला ठेवला. रशियात श्वेत समुद्राकाठच्या जीवाश्मांवर सेंद्रिय पदार्थाचा पातळ पापुद्रा टिकून होता. तो सोडवून त्यांनी तपासला. ५५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या त्या पापुद्र्यातल्या स्टेरॉलच्या, म्हणजे पेशींच्या आवरणातल्या चरबीसारख्या रेणूंच्या अवशेषांत ९३ टक्क्यांपर्यंत कोलेस्टेरॉलचे निघाले, आणि कोलेस्टेरॉल ही प्राण्यांची खूण. भोवतीच्या शेवाळी थरात मात्र हिरव्या शैवालांची स्टेरॉल जास्त होती. बुरशीची खूण असती तर लायकेनचा दावा टिकला असता. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो. प्राण्यांमध्ये त्याची नेमकी जागा कुठली, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

एक गोष्ट आपल्याकडची. २०२१ मध्ये रेटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी भोपाळजवळच्या भीमबेटक्याच्या गुहेत डिकिन्सोनिया सापडल्याचं जाहीर केलं, आणि विंध्य खडकांचं वयही त्यावरून मांडलं. बातमी वाचून मला अतोनात आनंद झाला होता. पण भूशास्त्रज्ञ जोसेफ मीर्ट यांचा गट तिथे गेला तेव्हा तो 'जीवाश्म' खडकावरून सोलून निघत होता. ते आग्यामोहोळाचं जुनं पोळं होतं. २०२३ मध्ये हे छापून आलं आणि रेटॅलॅक यांनीही मान्य केलं. भीमबेटक्याचा तो फोटो अजून 'भारतातला सर्वांत जुना प्राणी' म्हणून फिरतो. तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका.