मुलीला दुसऱ्या घरात जन्म हवाय का?

"मॅडम, पोरगी रात्र रात्र मोबाईलवर कसलं तरी कोरियन कॉमिक वाचत असते. त्यात मुलगी मरते आणि दुसऱ्याच घरात जन्माला येते. आम्ही नकोसे झालोय काय तिला?" बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आईवडील थोड्याफार फरकाने हेच विचारतात. म्हणून एका कुटुंबाची हकिगत लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी या कॉमिकबद्दल. रंगीत चित्रं बोटाने वर सरकवत वाचायची, बहुधा आठवड्याला एक नवा भाग येतो. नायिकेला पहिल्या जन्मी कुणी जीव लावलेला नसतो. ती मरते आणि एखाद्या वाड्यात तान्हं बाळ म्हणून डोळे उघडते, मागच्या जन्माच्या सगळ्या आठवणींसकट. बाप सरदार नाहीतर सम्राट, अबोल, सगळे त्याला टरकून. मग भागामागून भाग त्या बापाला लेकीचा लळा लागत जातो.

ही मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. वडील वडगावात यंत्रमागावर, आई घरी ब्लाऊज शिवते. मुलीला एकटीला बसवून मी आधी सरळ विचारलं, "तुला मरावंसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं याने त्यांना हायसं वाटतं.

"नाही ओ मॅडम. ती मेल्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही." मग थांबून म्हणाली, "पण पहिल्यापासून सुरू करायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

"कुणाच्या घरात?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "आमच्याच."

आपल्याकडे पुनर्जन्म म्हटला की मागचं सगळं पुसलं जातं. या गोष्टींत आठवणी शाबूत राहतात, आणि माझ्या मते मुलांना ओढ लागते ती त्याचीच. स्वतःला न गमावता त्यांना माया नव्याने मागून बघायची असते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९०९ साली लिहिलं होतं की लहान मूल आपले खरे आईबाप कुणी थोर लोक आहेत अशी कल्पना करतं, पण त्या थोर आईबापांना रूप देतं ते घरातल्याच आईबापांचं. मी स्वतः फ्रॉइडपेक्षा मानसोपचारतज्ज्ञ बोल्बींच्या, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारी माणसं यांच्यातल्या भावबंधांच्या विचाराने काम करते. पण ही गोष्ट मला माझ्या खोलीत वारंवार खरी ठरताना दिसली आहे.

पुढच्या खेपेला वडील आले. मुलीला म्हटलं, "तू सगळ्यात जास्त वेळा वाचलेला भाग अप्पांना दाखव." त्यात मुलीला ताप असतो आणि सरदार रात्रभर तिच्या दाराबाहेर उभा राहून पहाटे निघून जातो. अप्पांच्या अंगठ्याच्या रेषांत मशीनचं तेल मुरलेलं. चित्रं भरभर वर गेली की ते पुन्हा मागे यायचे. शेवटी म्हणाले, "हा आत का जात नाही?"

मुलगी एकदम म्हणाली, "तुम्ही तरी कुठं आला होता?"

दहावीत तिला डेंग्यू झाला होता. आई उशाशी होती, वडील दिसलेच नव्हते. आईने मान वर केली. "रोज पाळी सुटली की यायचे गं. वॉर्डाबाहेर पायरीवर बसायचे."

"आत येऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं," अप्पा म्हणाले.

मी काहीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कसब, आणि ते मी कमावलं आहे याचं मला समाधान आहे. मुलीने अप्पांच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि पालथा ठेवला. एवढ्या दिवसांची माया दोघांकडेही पडून होती, फक्त पोचवायची राहिली होती.

तेव्हा पालकांनो, ॲप काढून टाकू नका. "यातला कुठला बाप तुला आवडतो? का?" असं विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. "आम्ही काय कमी केलं तुला?" हे वाक्य गिळा. झोपेची वेळ मात्र ठरवा, आणि पुढचे भाग उघडायला पैसे जात असतील तर हिशेब एकत्र बसून बघा. मूल "मी नसले तर तुम्ही सुटाल" असं म्हणू लागलं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, जेवणखाण आणि मैत्रिणी सोडू लागलं, तर दोष कॉमिकवर ढकलून थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

या घरी आता अकरानंतर मोबाईल स्वयंपाकघरात असतो. त्यावरून परवा आईचा काळजीने फोन आला, "बापलेक तासभर भांडायलेत ओ मॅडम!" मी म्हटलं, भांडू द्या.