नवीन पेलेट स्मोकर घरी आलाय, सुरुवात कशी करू?

पेलेट स्मोकर म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या गोळ्या (पेलेट) जाळून त्या धुरावर मांस शिजवायची भट्टी. पहिल्या दिवशी मांस लावूच नका, आधी रिकामाच चालवायचा म्हणजे आतलं कारखान्यातलं तेल, धूळ जळून जाते. ऑगर म्हणजे तो स्क्रू, पेलेट ढकलत आगीच्या भांड्यापर्यंत नेतो, पहिल्यांदा तो रिकामा असतो म्हणून पेटायला वेळ लागतो, घाबरू नका. मग ३५० फॅरनहाइटच्या पुढे अर्धा-पाऊण तास तापू द्या, नेमका आकडा मॅन्युअलात बघा.

पेलेट स्वयंपाकाचेच घ्या, ओक, हिकरी, कुठल्याही लाकडाचे चालतील, घर तापवायच्या स्टोव्हचे स्वस्त मिळतात पण ते नकोत. आणि पेलेट म्हणजे शेवटी दाबलेला भुसाच, ओल लागली की फुगून भुगा होतो आणि ऑगर जाम, मग बसा सगळं खोलत. काम झालं की उरलेले घट्ट झाकणाच्या बादलीत.

ब्रिस्केटचा (बीफच्या छातीचा मोठा तुकडा) नाद एवढ्यात नको, अख्खा दिवस जातो. चिकन लेगपीस करा, आलं-लसूण, तिखट, मीठ चोळून, २२५ फॅरनहाइटवर तासभर धूर खाऊ दे, मग ३७५ वर न्या, नाहीतर कातडी रबरासारखी राहते. थर्मामीटर जाड भागात खुपसा, हाडाला टेकवू नका, १६५ च्या खाली काढायचं नाही, लेगपीस १८० ला जास्त मऊ लागतो असं माझं मत.

बंद करताना प्लग ओढू नका हां! शटडाउनच लावा, पंखा उरलेले पेलेट जाळून टाकतो, नाहीतर आग ऑगरमधून मागे हॉपरकडे, म्हणजे पेलेट भरायच्या डब्याकडे, सरकू शकते. राख पूर्ण गार झाल्यावरच काढा.