काचेतला समुद्र : तुमचे प्रश्न

प्रश्न (रावेर) : 200 लिटरची रीफ टाकी (प्रवाळांसाठीची खाऱ्या पाण्याची टाकी) सुरू करून सात आठवडे झाले. कोरडे दगड, वाळू आणि दोन क्लाउनफिश आहेत. पाणी बोअरचं, घरच्या आरओतून काढलेलं. सगळीकडे तपकिरी थर धरतो. दर चार दिवसांनी निम्मं पाणी बदलतो, तरी तो वाढतोच. दुकानदाराने शेवाळ मारायचं औषध दिलंय. टाकू का?

उत्तर : बाटली तूर्त उघडूच नका. अशा कितीतरी औषधांत तांबं असतं. मासे कदाचित तग धरतील, पण गोगलगायी, कोळंबी आणि पुढे आणाल ती प्रवाळं तांब्याने मरतात.

'तपकिरी थर' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. डायटम (सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ) पिठासारखे बसतात, बोट फिरवलं की धुरळा उडतो. डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो, शेपटीने पोहणारे सूक्ष्मजीव) चिकट असतात, शेंबडासारख्या तारा लोंबतात आणि तारांच्या टोकाला बुडबुडे असतात. सकाळी थर कमी दिसतो, दुपारी पुन्हा जोरात. शंका असेल तर थोडा थर टाकीच्या पाण्यासह बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरातून गाळा आणि खाली उतरलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तारा जुळल्या तर बहुधा डायनो. गावात विज्ञान कॉलेज असेल तर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या, डायनो पोहताना दिसतात.

डायटम निघाले तर घाबरण्यासारखं काही नाही. पाण्यातल्या सिलिकावर ते जगतात आणि सिलिका संपली की काही आठवड्यांत ओसरतात. पण तुम्ही दर चार दिवसांनी नवी सिलिका ओतत असाल तर कसे ओसरणार? घरच्या आरओला बहुतेक वेळा चवीसाठी टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या मापाचा) स्क्रू असतो. तो थोडं कच्चं पाणी पुन्हा मिसळतो, म्हणून नळाला 60-80 टीडीएस दिसतो. पिण्याला ते ठीक आहे, टाकीला नाही. स्क्रू पूर्ण बंद करा आणि मेंब्रेननंतर (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यानंतर) डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचं, कार्ट्रिज लावा. केळीच्या पट्ट्यात ठिबकमधून सोडलेल्या खतांचं नायट्रेट बोअरला उतरू शकतं. नायट्रेट काय, सिलिका काय, एकट्या मेंब्रेनला पूर्ण अडत नाहीत. शेवटी टीडीएस 0 हवा. रेझिन थकलं की सिलिका सगळ्यांत आधी सुटते आणि टीडीएस मीटरला ती दिसतच नाही. म्हणून मीटर 1 दाखवू लागला की लगेच रेझिन बदला, 5-10 ची वाट पाहू नका.

डायनो निघाले तर चार दिवसांनी निम्मं पाणी बदलणं हेच दुखणं. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले की डायनोंशी स्पर्धा करणारे बाकीचे सूक्ष्मजीव उपाशी मरतात आणि मैदान मोकळं होतं. पाणी बदलणं थांबवा. फॉस्फेट शोषणारं माध्यम लावलं असेल तर काढा. खाणं थोडं वाढवा. नायट्रेट 5-10 आणि फॉस्फेट 0.05-0.1 पीपीएमवर (लिटरला मिलिग्रॅम) आणून टेस्ट किटने रोज तपासा. 200 लिटरला 0.65 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घातलं की नायट्रेट सुमारे 2 पीपीएमने वाढतं. 13:00:45 खताची गोणी घरात असेलच आणि रसायन तेच आहे, पण टाकीत प्रयोगशाळा दर्जाचंच घाला. थर रोज नळीने ओढून घ्या, ओढलेलं पाणी बारीक फिल्टर सॉकमधून (गाळायच्या कापडी पिशवीतून) गाळून परत सोडा. गोगलगायी मात्र सध्या आणू नका, डायनोंच्या काही जाती विषारी असतात.

प्रश्न (जळगाव) : मे महिन्यात टाकीचं पाणी 31 अंशांवर जातं. पंखा लावला. पातळी उतरते म्हणून रोज 3 लिटर मिठाचं पाणी भरतो. आता क्षारता (हजार भाग पाण्यात मीठ किती) 38 झाली. टाकी 200 लिटर, खोलीत कूलर चालू असतो.

उत्तर : पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज 3 लिटर म्हणजे 105 ग्रॅम जादा मीठ. आठवड्यात 735 ग्रॅम झालं आणि 35 चे 38.6 होऊन बसले. भरायचं ते फक्त 0 टीडीएसचं पाणी. आता उतरवताना टाकीतलं 5 लिटर काढून तेवढंच आरओ-डीआय पाणी घाला, साधारण 1 ने उतरेल. दिवसाला एवढंच. त्याआधी रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) 35 च्या द्रावणावर जुळवून घ्या, नुसत्या शुद्ध पाण्यावर नव्हे. बहुतेक मीटरांची तापमानदुरुस्ती 30 अंशांपर्यंतच चालते. मे महिन्यातल्या दुपारी 40 अंशांच्या खोलीत घेतलेल्या वाचनावर विसंबू नका, पहाटे मोजा.

पंखा बाष्पीभवनाने गार करतो. बंद खोलीत कूलर हवा ओलसर करतो, मग पंख्याचा जोर संपतो. समोरची खिडकी उघडा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. तरी आपल्याकडच्या 44-45 अंशांत पाणी 25-27 वर ठेवायचं तर शेवटी चिलरच (पाणी गार करणारं यंत्र) लागतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे वीज गेल्यावर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच.

प्रश्न (धुळे) : केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) 8 वरून 6.5 झाला. खाण्याचा सोडा चालेल?

उत्तर : चालेल, पण बेकिंग पावडर नको. 100 लिटरला 3 ग्रॅम सोडा घातला की केएच 1 ने वाढतो. आरओ-डीआय पाण्यात विरघळवून वेव्हमेकरसमोर (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपासमोर) हळूहळू ओता. दिवसाला 1 पेक्षा जास्त नको. कॅल्शियम क्लोराईड त्याच वेळी घालू नका, पाणी दुधासारखं होईल. हीटर आणि पंपावर पांढरी खरखरीत पुटं दिसतात का ते पाहा. दिसली तर केएच तिथेच जमतोय. मॅग्नेशियम तपासा. ते 1250 पीपीएमच्या खाली असेल तर आधी वर आणा, नाहीतर कितीही सोडा घातला तरी तो हीटरलाच चिकटत राहील.